गोळी दिवसभर पुरते ती कशी? एसआर गोळ्या, पॅच आणि डेपो इंजेक्शनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरवर औषधाची किंमत सगळे विचारतात. गोळी आत गेल्यावर काय करते हे फार कमी लोक विचारतात. पण संथ सुटणाऱ्या औषधांच्या बाबतीत बहुतेक चुका तिथूनच होतात, म्हणून हे पान. तुमचा डोस किती, हे डॉक्टर ठरवतील. औषध कसं सुटतं, आणि त्यामुळे घरी काय टाळायला हवं, एवढंच इथे सांगितलं आहे.

गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल असं काहीतरी असतं. त्यांत फरक काय?

व्यवहारात फारसा नाही. आतलं औषध एकदम सुटणार नाही, काही तास पुरवून पुरवून सुटेल, एवढंच ही अक्षरं सांगतात. कुठली अक्षरं लावायची हे बहुधा कंपनी ठरवते. त्यामुळे एकाची एसआर आणि दुसऱ्याची ईआर एकाच कामाच्या असू शकतात. उलट एकाच औषधाच्या दोन 'एक्सआर' गोळ्या आतून अगदी वेगळ्या तंत्राने बनवलेल्या असू शकतात. म्हणून ब्रँड बदलताना नुसती अक्षरं जुळवून भागत नाही, डॉक्टरांना विचारावं.

डीआर किंवा ईसी मात्र वेगळं प्रकरण आहे. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीवर जठराच्या आम्लात न विरघळणारा लेप असतो. गोळी लहान आतड्यात पोहोचली, पीएच (आम्लतेचं माप) साधारण 5.5 च्या वर गेला, म्हणजे आम्लता कमी झाली, की लेप विरघळतो आणि पुढे औषध नेहमीच्या वेगाने सुटतं. तिथे नुसता उशीर असतो, संथपणा नसतो.

साध्या गोळीने भागत नाही का?

पुष्कळदा भागतं, आणि तेव्हा साधीच घ्यावी. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनचंच बघा. रक्तातली त्याची पातळी निम्म्यावर यायला 30 ते 50 तास लागतात. ते मुळातच शरीरात रेंगाळतं, त्याला संथ सुटणाऱ्या गोळीची गरजच नाही. 'दिवसातून एकदा' लिहिलेली प्रत्येक गोळी एसआर असते, हा समज म्हणून चुकीचा.

अडचण येते ती झटपट निघून जाणाऱ्या औषधांची. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी सुमारे 6 तासांत निम्मी होते. साधी गोळी घेतली की पातळी वर चढते, उतरते, पुढच्या गोळीला पुन्हा चढते. प्रत्येक औषधाला एक खालची मर्यादा असते, जिच्याखाली ते काम करत नाही, आणि एक वरची, जिच्यापुढे त्रास सुरू होतो. या दोन रेषांमध्ये पातळी जास्तीत जास्त वेळ राहावी, हा सगळा खटाटोप त्यासाठी. मेटफॉर्मिन एसआरचा आणखी एक फायदा पेशंट स्वतःच सांगतात: मळमळ आणि जुलाब कमी होतात.

संथ म्हणजे जास्त ताकदीचं नव्हे, हेही लक्षात ठेवावं. 1000 मिलिग्रॅम तेवढंच असतं, फक्त ते लांबवलेलं असतं.

गोळीत औषध अडवून कोण धरतं?

तीन मुख्य पद्धती आहेत. आपल्याकडे सगळ्यांत जास्त चालते ती जेलची. औषधाची पूड एचपीएमसी नावाच्या, सेल्युलोजपासून बनवलेल्या पॉलिमरमध्ये (लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थात) मिसळून गोळी दाबतात. सब्जा पाण्यात टाकला की आतलं बी कोरडं राहतं आणि भोवती बुळबुळीत थर फुगतो; ही गोळी पोटात तसंच करते. औषधाला त्या थरातून झिरपत बाहेर यावं लागतं. जसजसा वेळ जातो तसतसं औषध आणखी आतून, आणखी लांबचा पल्ला कापून यायला लागतं, म्हणून वेग मंदावतो. ताकेरू हिगुची यांनी 1961 मध्ये याचं गणित मांडलं. ते मूळचं मलमासाठी होतं, पुढे गोळ्यांनाही लागू झालं. त्यानुसार सुटलेलं औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. पहिल्या तासात जेवढं सुटलं त्याच्या दुप्पट व्हायला 4 तास लागतात आणि तिप्पट व्हायला 9. थोडक्यात, जेलची गोळी सुरुवातीला उदार असते आणि नंतर हात आखडते.

दुसरी पद्धत दाण्यांची. पारदर्शक कॅप्सूलमध्ये रंगीत दाणे दिसतात ना, त्यांच्यावर कमीअधिक जाडीचे लेप असतात. पातळ लेपाचे दाणे आधी रिकामे होतात, जाड लेपाचे नंतर. अमेरिकेत स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने 1952 मध्ये 'स्पॅन्स्यूल' नावाने अशी कॅप्सूल आणली आणि 12 तास चालणारं औषध प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाजारात आलं.

तिसरी मला स्वतःला सर्वांत देखणी वाटते. कॅलिफोर्नियातल्या अल्झा कंपनीत फेलिक्स थीव्स यांनी 1970 च्या दशकात तयार केलेला हा ऑस्मोटिक पंप. गोळीभोवती सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं कडक कवच असतं. त्यातून पाणी आत येतं, पण औषध बाहेर पडू शकत नाही. लेझरने पाडलेलं एक बारीक भोक तेवढं मोकळं असतं. पाणी आत ओढलं गेलं की आतला दाब वाढतो आणि त्या भोकातून औषध ठरावीक गतीने ढकललं जातं. बाहेर आम्ल आहे की अल्क, पोट हलतंय की शांत आहे, याचा त्या गतीवर फारसा परिणाम होत नाही. रक्तदाबाच्या निफेडिपिनची दिवसातून एकदा घ्यायची अशी गोळी अमेरिकेत 1989 मध्ये आली. या तंत्राचा पहिला मोठा प्रयोग मात्र फसला होता. इंडोमेथासिन या वेदनाशामकाची ऑस्मोसिन नावाची गोळी 1983 मध्ये ब्रिटनमध्ये मागे घ्यावी लागली, कारण काही रुग्णांच्या आतड्याला छिद्रं पडल्याचं आढळलं. आतडं चिडवणारं औषध एका भोकातून सतत बाहेर पडत असेल, तर ते कुठल्या जागी पडतंय याचाही विचार करावा लागतो.

शौचात अख्खी गोळी दिसली. म्हणजे औषध लागलंच नाही?

लागलं. दिसलं ते रिकामं कवच किंवा जेलचा सांगाडा. मेटफॉर्मिन एसआर आणि ऑस्मोटिक गोळ्यांच्या बाबतीत हे होतंच. घाबरून दुसरी गोळी घेऊ नका. जोराचे जुलाब होत असताना गोळी फार लवकर बाहेर पडली असेल, तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घाला.

गोळी मोठी आहे. तोडून, कुटून किंवा चावून घेतली तर?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. संथ गोळी कुटली की तिचा संथपणा जातो. 12 किंवा 24 तासांत सुटायचं औषध एकाच वेळी सुटतं. आधी पातळी धोक्याच्या रेषेपलीकडे जाते आणि नंतर उरलेला दिवस औषधच नसतं. रक्तदाबाच्या गोळीत याचा अर्थ भोवळ येऊन पडणं असू शकतो. अफूवर्गीय वेदनाशामकात श्वास थांबणंही.

अमेरिकेत हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. ऑक्सिकोडोन या अफूवर्गीय वेदनाशामकाची 12 तासांची ऑक्सिकॉन्टिन गोळी नशेसाठी कुटून नाकाने ओढली जात होती. शेवटी 2010 मध्ये कंपनीने ती सहजी कुटता येणार नाही आणि ओली केली की चिकट गोळा होईल अशी नव्याने बनवली. दारूचंही तसंच. त्याच वर्गातल्या हायड्रोमॉर्फोनची पॅलाडोन ही कॅप्सूल 2005 मध्ये बाजारातून काढली गेली, कारण अल्कोहोलने तिची संथ सुटण्याची रचनाच मोडत होती. कुटायची गरजही नव्हती, पेला पुरे होता.

अपवाद आहेत. रक्तदाबाच्या मेटोप्रोलॉल सक्सिनेटच्या काही एक्सएल गोळ्या शेकडो लेपित कणांच्या बनलेल्या असतात आणि मध्ये खाच असते. खाचेवर अर्धी करता येते, पण चावायची तरीही नाही. खाच नसेल तर सुरी लावू नका, आणि खाच असली तरी केमिस्टला विचारूनच.

जेवणाआधी घ्यायची की नंतर?

पाकिटावर किंवा चिठ्ठीवर लिहिलं असेल तसं, आणि रोज त्याच पद्धतीने. रिकाम्या पोटी गोळी तासा-दोन तासांत जठराबाहेर पडते. जेवणानंतर तिथे बराच वेळ थांबते. मेटफॉर्मिन लहान आतड्याच्या वरच्या भागातच नीट शोषलं जातं. तो भाग ओलांडून गेलेलं औषध बहुतांशी वाया जातं. म्हणून मेटफॉर्मिन एसआर रात्रीच्या जेवणासोबत द्यायची पद्धत आहे: भरल्या पोटात फुगलेली गोळी वर रेंगाळते आणि औषध खाली थोडं थोडं पाठवत राहते. याउलट दम्याच्या थिओफायलिनच्या 24 तासांच्या काही प्रकारांमध्ये तेलकट-तुपकट जेवणाने बराचसा डोस एकदम सुटल्याचं आढळलं होतं. सगळ्यांना एकच नियम लागत नाही, तो असा.

मग आठवड्याला एक गोळी का करत नाहीत?

कारण गोळी प्रवासात असते. लहान आतड्यातून जायला तिला 3 ते 4 तास लागतात. पुढे मोठ्या आतड्यात ती बराच वेळ राहते, पण तिथे पाणी कमी आणि शोषणही कमी. सगळं धरून साधारण एक दिवस मिळतो. त्याहून जास्त हवं असेल तर औषध त्वचेवर, स्नायूत किंवा त्वचेखाली ठेवावं लागतं.

एक इंजेक्शन महिनाभर किंवा तीन महिने कसं पुरतं?

औषध इतकं कमी विरघळणारं करायचं की शरीराला ते टोचल्या जागेवरून उचलायलाच आठवडे लागावेत. असा साठा करणारं इंजेक्शन म्हणजे डेपो.

सर्वांत जुनं आणि आपल्या सरकारी दवाखान्यांत अजूनही चालणारं उदाहरण म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेल्या मुलांना ते दर 21 दिवसांनी देतात, मोठ्यांचा डोस 12 लाख युनिट. पेनिसिलिनचं हे रूप पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून स्नायूत साठून राहतं आणि पेनिसिलिन झिरपत राहतं. औषध घट्ट असल्याने सुई जाड लागते आणि दुखतंही खूप. त्या दुखण्याला कंटाळून मुलं येणं बंद करतात, हा या उपचारातला खरा प्रश्न आहे.

मनोविकारांत वापरतात ते हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट चक्क तिळाच्या तेलात विरघळवलेलं असतं. औषधाला लांब स्निग्ध शेपूट जोडलेलं असतं, त्यामुळे त्याला तेल सोडवत नाही. जे थोडं थोडं तेलाबाहेर येतं त्याचं शेपूट शरीरातली एन्झाइम्स तोडतात आणि मूळ औषध मोकळं होतं. महिन्याला एक सुई पुरते.

'अंतरा' या नावाने 2017 पासून सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात मिळणारं गर्भनिरोधक इंजेक्शन हे अतिसूक्ष्म स्फटिकांचं पाण्यातलं मिश्रण आहे: 150 मिलिग्रॅम, तीन महिन्यांनी एकदा. टोचल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही, असं नर्स बजावतात ते याचसाठी. चोळलं की साठा पसरतो आणि लवकर संपतो. दुसरी बाजूही आधीच सांगायला हवी. एकदा टोचलेलं औषध परत काढता येत नाही, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी 10 महिने लागू शकतात.

एचआयव्हीत आता हे आणखी लांबलंय. कॅबोटेग्राविर दोन महिन्यांनी देतात. लेनाकापाविर पोटाच्या त्वचेखाली सहा महिन्यांनी एकदा देतात. संसर्ग टाळण्यासाठी त्याला अमेरिकेत जून 2025 मध्ये मान्यता मिळाली. या औषधांत मधेच थांबणं धोक्याचं असतं. साठा संपत आला की पातळी कितीतरी महिने अर्धवट राहते, आणि अशा काळात संसर्ग झाला तर विषाणूला औषधाची सवय होण्याची संधी मिळते.

इन्सुलिनही असंच का?

तेच तत्त्व, पण वेगवेगळ्या क्लृप्त्यांनी. डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन हागेडोर्न यांनी 1936 मध्ये माशाच्या शुक्रातून मिळणारं प्रोटामाइन हे प्रथिन इन्सुलिनला जोडून ते संथ केलं. एनपीएच या इन्सुलिनच्या नावातला एच त्यांचाच. ते दुधाळ असतं, कारण त्यात कण तरंगत असतात. म्हणून बाटली तळहातांत फिरवून घ्यायची, हलवायची नाही.

ग्लार्जिन हे इन्सुलिन उलट पारदर्शक असतं. बाटलीत त्याचा पीएच 4 ठेवलेला असतो. त्वचेखाली गेलं की पीएच वाढतो आणि तिथल्या तिथे सूक्ष्म साका धरतो. तोच साठा दिवसभर विरघळत राहतो. म्हणूनच ते दुसऱ्या इन्सुलिनमध्ये एकाच सिरिंजमध्ये मिसळायचं नसतं. पीएच बिघडला की सगळी योजना बाटलीबाहेर येतानाच कोसळते.

शरीरात राहिलेल्या त्या पॉलिमरचं पुढे काय होतं?

प्रोस्टेट कॅन्सरमधल्या ल्युप्रोलाइडचे सूक्ष्म गोळे पीएलजीए या पॉलिमरचे असतात. जपानच्या ताकेदा कंपनीचं हे काम. अमेरिकेत 1989 मध्ये महिनाभराचं इंजेक्शन मान्य झालं. पाण्याने हे पॉलिमर तुटत जातं, त्याचं लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्ल होतं आणि शेवटी पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके याच कुळातले, त्यामुळे भीती बाळगायचं कारण नाही.

सिलिकोनचं तसं नाही, ते विरघळत नाही. सिलिकोनच्या नळीतून औषध सावकाश पाझरतं हे ज्युडा फोकमन आणि डेव्हिड लाँग यांनी 1964 मध्ये दाखवलं. त्यातूनच नॉरप्लांट निघालं: दंडाच्या त्वचेखाली सहा कांड्या, पाच वर्षं गर्भनिरोध. मुदत संपली की त्या छोटी चीर देऊन काढाव्या लागत. त्या काढणं हे बसवण्याहून अवघड ठरलं आणि नॉरप्लांटची बदनामी बरीचशी त्यातून झाली.

सगळी औषधं पॅचमधून का देत नाहीत? सुई नाही, गोळी नाही.

त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉन जाड असतो, पण फार चिवट. त्यातून लहान रेणूच जातात, साधारण 500 डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं माप) आतले, आणि तेही स्निग्ध पदार्थात विरघळणारे. शिवाय दिवसाला काही मिलिग्रॅमच जाऊ शकतात. पॅरासिटामॉलच्या 500 मिलिग्रॅमला तिथे वाव नाही. अमेरिकेत मान्यता मिळालेला पहिला पॅच 1979 चा: प्रवासातल्या मळमळीवरचं स्कोपोलामाइन, कानामागे चिकटवायचं, तीन दिवस चालणारं.

आपल्याकडे घरोघरी जपून वापरायला हवा तो कॅन्सरच्या वेदनेसाठीचा फेंटॅनिल पॅच. तो 72 तासांचा असतो. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, उन्हात बसू नये. उष्णतेने औषध जास्त वेगाने आत जातं, तापातही तसंच. काढल्यावर औषध लगेच थांबत नाही, कारण त्वचेत साठा झालेला असतो आणि पातळी निम्म्यावर यायला जवळपास एक दिवस लागतो. वापरलेल्या पॅचमध्येही लहान मुलाचा जीव घेण्याइतकं औषध उरतं. चिकट बाजू आतून दुमडून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी विल्हेवाट लावा. उघड्या कचऱ्यात टाकू नका.

रक्तातली पातळी सतत सारखी राहिली की उत्तमच ना?

नाही. या विषयातलं सर्वांत कमी सांगितलं जाणारं सत्य हेच आहे.

छातीत दुखण्यावरचा नायट्रोग्लिसरीन पॅच चोवीस तास ठेवला तर रक्तवाहिन्या त्याला दाद देईनाशा होतात. म्हणून रोज 10 ते 12 तास तो काढून ठेवायला सांगतात. पेशंटला वाटतं डॉक्टर काटकसर सुचवताहेत. तसं नाही, ती सुट्टी उपचाराचाच भाग आहे.

याहून नाट्यमय उदाहरण हार्मोनचं. मेंदूतून जीएनआरएच हा हार्मोन ठरावीक वेळाने थोडा थोडा सुटतो. अर्न्स्ट क्नोबिल यांच्या गटाने पिट्सबर्गमध्ये 1978 मध्ये माकडांवर दाखवलं, की तासातासाला थोडा दिला तर पुढची हार्मोन यंत्रणा चालू राहते, आणि सतत दिला तर ती बंद पडते. तोच हार्मोन, फरक फक्त देण्याच्या लयीचा. वर आलेलं ल्युप्रोलाइड नेमकं हेच वापरतं. जीएनआरएचची नक्कल सतत देऊन टेस्टोस्टेरॉन खाली आणायचं आणि प्रोस्टेट कॅन्सरची रसद तोडायची. सुरुवातीचे एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, म्हणून सोबत दुसरी गोळी देतात.

औषध नेमक्या जागीच सोडता येतं का?

काही ठिकाणी येतं. हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या औषधी स्टेंटवर सिरोलिमससारख्या औषधाचा लेप असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत तो पेशींची वाढ रोखतो, म्हणजे रक्तवाहिनी पुन्हा बुजत नाही. सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून कॅनडात सुरेन सेहगल यांनी वेगळं केलं. भारतात 2017 मध्ये अशा स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली गेली. तोवर बिलं कितीही फुगत होती. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या पोकळीत कारमुस्टिन या कॅन्सरच्या औषधाच्या चकत्या ठेवायची ग्लायाडेल पद्धत 1996 ची. गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनात 52 मिलिग्रॅम औषध असतं आणि सुरुवातीला दिवसाला 20 मायक्रोग्रॅम सुटतं.

लायपोसोम म्हणजे चरबीच्या आवरणातला सूक्ष्म थेंब. त्यात औषध कोंडलं की ते शरीरात कुठे जातं हेच बदलतं. कॅन्सरचं डॉक्सोरुबिसिन त्यात बंद केल्यावर हृदयाला होणारा त्रास कमी झाला. पण फुकट काही मिळत नाही, तळहात आणि तळपाय सोलवटण्याचा नवा त्रास वाढला. 2012 मध्ये अमेरिकेत त्याचा तुटवडा झाला तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं औषध तिकडे नेलं गेलं. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) साथीत महाराष्ट्रात नातेवाईक वणवण फिरत होते ते लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनसाठी. साध्या अ‍ॅम्फोटेरिसिनपेक्षा ते मूत्रपिंडाला बरंच कमी त्रास देतं.

साध्या गोळीपेक्षा एसआर महाग का असते?

बनवणं अवघड, तपासणी जास्त. साध्या गोळीचं औषध ठरलेल्या वेळात विरघळलं की झालं. संथ गोळीचं ते किती वाजता किती सुटलं, हे 37 अंशांच्या द्रावणात तासन्‌तास मोजावं लागतं. लवकर सुटलं तरी नापास, उशिरा सुटलं तरी नापास. 2019 च्या नियमांनुसार भारतात जुन्या औषधाचं संथ रूपही 'नवीन औषध' धरलं जातं, म्हणजे केंद्राकडून वेगळी परवानगी लागते. तरीही दोन साध्या गोळ्यांनी भागत असेल आणि खिशाला ताण पडत असेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारायला संकोच करू नका.

सकाळची एसआर गोळी विसरली. रात्री दोन घेऊ?

नको. पुढच्या डोसला बराच वेळ असेल तर आठवल्यावर एक घ्या, वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या.

सासूबाईंना गिळता येत नाही, नाकातून नळी आहे. एसआर गोळी विरघळवून घालू?

नको, नळीतून तर नकोच. कुटलेल्या गोळीचा डोस एकदम जातो, आणि एचपीएमसीचा जेल नळीत अडकून ती बुजते. डॉक्टरांना आधीच सांगा. बहुतेक औषधांचं साधं रूप, सिरप किंवा पॅच असतो. साधी गोळी दिवसातून दोन-तीनदा द्यावी लागेल एवढंच. काही दाण्यांच्या कॅप्सूल उघडून दाणे न चावता सफरचंदाच्या गरावर किंवा दह्यावर घेता येतात, पण हे ब्रँडनुसार बदलतं, आणि दाणे बारीक नळीत अडकतात. पाकीट घेऊन केमिस्टकडे जा आणि त्याच ब्रँडचं विचारा.